सही शेवटी बघा: मुद्राचित्र विकत घेताना

'प्रिंट' या एका शब्दाखाली बाजारात निदान तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे चित्रकाराने तांब्याच्या पत्र्यावर, लाकडावर, दगडावर किंवा जाळीच्या पडद्यावर चित्र घडवून त्यावरून हाताने काढलेली प्रत. मुद्राचित्र म्हणायचं ते हिला. दुसरी म्हणजे आधी कॅनव्हासवर रंगवलेल्या चित्राची, चित्रकाराच्या किंवा वारसांच्या संमतीने काढलेली मर्यादित नक्कल. तिसरी वस्तू म्हणजे पोस्टर. तिन्हींवर सही असू शकते, तिन्हींवर १२/५० असा आकडा असू शकतो आणि तिन्हींबरोबर सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट मिळू शकतं. म्हणून इथे तपासणीचा क्रम उलटा ठेवला आहे: आधी कागद, मग शाई, मग आकडा. सही सगळ्यात शेवटी.

एक शंका आधीच मिटवू. "पन्नास प्रती आहेत, मग यातली ओरिजिनल कुठली?" सगळ्याच. मुद्राचित्राचं मूळ चित्र दुसरीकडे कुठे टांगलेलं नसतं. पत्र्यावर असतं ते उलटं, शाईने माखलेलं कोरीवकाम. चित्र जन्माला येतं ते कागदावर, आणि प्रत्येक प्रतीत. मात्र एखादं चित्र आधीच कॅनव्हासवर असेल आणि समोरचा कागद त्याचा फोटो असेल, तर तो कागद मूळ नव्हे, कितीही सुंदर छापला असला तरी.

बघायला जाताना तीन गोष्टी खिशात ठेवा: सोनार वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोबाइलचा टॉर्च आणि मोजपट्टी. आणि चौकटीतून बाहेर काढल्याशिवाय महाग मुद्राचित्राचा सौदा करू नका. काचेमागे निम्म्या खुणा लपतात. विक्रेत्याने चौकट उघडायला खळखळ केली, तर तीही एक माहितीच आहे.

कागद आणि शाई कशी वाचायची

उठावाचा छाप सगळ्यात सोपा. रबरी शिक्क्याचं तत्त्व तेच: जे छापायचं ते उंच ठेवायचं, बाकीचं कोरून काढायचं. लाकडावर केलं तर वुडकट, लिनोलियमवर केलं तर लिनोकट. भिंगातून पाहिलं तर रेषेच्या कडेला शाई दाबली जाऊन किंचित गडद किनार झालेली दिसते, कारण दाबाने शाई बाजूला सरकते. वुडकटमध्ये सपाट काळ्या भागात लाकडाच्या रेषा उमटलेल्या असतात. कागद पातळ असेल तर पाठीमागून बोटाने उठाव लागतो. चित्तप्रसाद यांचे लिनोकट आणि हरेन दास यांचं लाकडावरचं बारीक कोरीवकाम हे या पद्धतीचे दोन टोकाचे नमुने. दोन्ही पाहिले की सुरीचा रांगडेपणा आणि नाजूकपणा यांतला फरक डोळ्यांत बसतो. झरीना हाश्मींची १९९९ सालची, घराच्या आठवणींवरची ३६ वुडकट्सची मालिकाही याच कुळातली.

खोदीव छाप याच्या बरोबर उलट. घरातल्या तांब्याच्या भांड्यावर कोरलेलं नाव आठवा. त्या खाचांत शाई भरली, वरचा पत्रा पुसून लख्ख केला आणि त्यावर ओला कागद ठेवून जोरात दाबला, तर कागद खाचेत शिरून शाई उचलून आणेल. एचिंग ते हेच, फक्त खाच हत्याराऐवजी आम्लाने पाडतात: तांब्याला बहुधा फेरिक क्लोराइड, जस्ताला नायट्रिक आम्ल. इथे तीन खुणा शोधा. एक, चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा चौकोनी दाब, ज्याला प्लेटमार्क म्हणतात. दोन, टॉर्च बाजूने आडवा धरला की शाईच्या रेषा कागदाच्या वर उठलेल्या दिसतात. तीन, पुसूनही पत्र्यावर राहिलेल्या शाईचा हलका धुरकट थर, जो प्रत्येक प्रतीत थोडा वेगळा असतो.

फसवणूक प्लेटमार्कमध्येच होते. इंकजेटवर छापलेल्या चित्राभोवती कोऱ्या पत्र्याचा दाब नंतर देता येतो. म्हणून प्लेटमार्क दिसला की खूश न होता रेषेकडे परत या. दाब आहे, पण रेषा सपाट आणि भिंगाखाली फवाऱ्यासारख्या रंगीत कणांची, तर तो देखावा आहे. आणि चित्र दाबाच्या रेषेबाहेर सांडलं असेल, तर प्रश्नच नाही, तो देखावाच.

खोदीव छापाच्या पोटजाती नावाने कळल्या तर किंमत समजायला मदत होते. अॅक्वाटिंटमध्ये राळेची पूड पत्र्यावर चिकटवून आम्लात बुडवतात, त्यामुळे जलरंगासारख्या सपाट छटा येतात आणि भिंगातून बारीक दाणा दिसतो. ड्रायपॉइंटमध्ये आम्ल नसतंच. सुई थेट पत्र्यावर ओरखडते आणि ओरखड्याच्या कडेला धातूची कोर उभी राहते. ती शाई धरून ठेवते, म्हणून रेषा मखमली दिसते. पण ही कोर दाबाखाली लवकर झिजते. पत्र्यावर पोलादाचा मुलामा दिलेला नसेल, तर ड्रायपॉइंटच्या ऐंशी प्रती सांगणाऱ्याला शेवटची प्रत दाखवायला सांगा. कृष्णा रेड्डी यांनी सहकाऱ्यांबरोबर पॅरिसच्या अतेलिए १७ या छपाई स्टुडिओत विकसित केलेल्या व्हिस्कॉसिटी तंत्रात तर एकाच पत्र्यावर, कमीजास्त तेलाच्या शाया कठीण आणि मऊ रोलरने चढवून सगळे रंग एकाच दाबात छापले जातात. इथे एका प्रतीचा रंग दुसरीशी तंतोतंत जुळला नाही तर तो दोष समजू नका.

आणि सोमनाथ होर यांची 'जखमा' ही मालिका पाहिलीत तर हे सगळे नियम बाजूला ठेवावे लागतात. पांढऱ्या कागदी लगद्यावर पांढरेच व्रण; दिसतो तो फक्त उठाव आणि त्याची सावली. असं काम फोटो पाहून ऑनलाइन घेणं म्हणजे गाणं न ऐकता रेकॉर्ड घेणं.

लिथोग्राफ म्हणजे आपली शिळाछाप. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने काढायचं, दगड ओला करायचा. ओल्या जागी शाई धरत नाही, तेलकट जागी धरते. उंच-सखल काही नसल्याने प्लेटमार्क नाही, उठाव नाही. भिंगाखाली खडूचा अनियमित दाणा दिसतो. हाच दाणा ऑफसेट छपाईपासून वेगळा ओळखायचा असतो. ऑफसेटमध्ये निळसर, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके ठरावीक कोनांत, फुलासारख्या वर्तुळांत मांडलेले दिसतात. एकदा कॅलेंडरवर भिंग ठेवून ती फुलं पाहून घ्या, पुन्हा कधी चूक होणार नाही.

इथे जुन्या मराठी घरांतला एक विषय आडवा येतो. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या ओलिओग्राफांवरही, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत शिळाछापांवरही, ठिपके असतात. पण ते कारागिरांनी दगडावर हाताने टिपलेले, लहानमोठे, वेडेवाकडे. एका रंगासाठी एक दगड. म्हणजे ठिपके दिसले म्हणून लगेच नाकारू नका, ठिपक्यांची रांग बघा. रविवर्म्यांचं निधन १९०६ मध्ये झालं, त्यामुळे त्यांच्या चित्रांवरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे आणि कोणीही ती नव्याने छापू शकतो. छापलेला कागद चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारा करणं काही अवघड नाही. खरा जुना कागद मात्र कडेने जास्त आणि चौकटीखाली कमी पिवळा पडतो. चहाचा रंग सगळीकडे सारखा.

सेरिग्राफ म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापणं, एका रंगाला एक पडदा. हुसेन, रझा यांच्या नावावर भारतात सगळ्यात जास्त विकला जातो तो हाच प्रकार. तिरप्या उजेडात पाहिलं तर एका रंगावर दुसऱ्या रंगाचा थर चढलेली कड दिसते, रंग सपाट आणि भरीव असतो. विक्रेत्याला विचारा: "किती पडदे?" ज्याला उत्तर माहीत आहे, तो लगेच सांगतो. "सेरिग्राफ ऑन कॅनव्हास" असं लिहिलेलं असेल तर भिंग काढाच. खाली इंकजेट आणि वर पारदर्शक वॉर्निशचे फटकारे हा मेळ फार प्रचलित आहे.

राहिला जिक्ले. हा शब्द १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका छपाई स्टुडिओत इंकजेटला भारदस्त नाव हवं म्हणून घडवला गेला. पिगमेंट शाई आणि सुती कागद असेल तर तो टिकतो आणि घरात छान दिसतो. मूळ कामच संगणकावर झालं असेल किंवा ते छायाचित्र असेल, तर पिगमेंट प्रिंट हेच त्याचं मूळ रूप, त्यात कमीपणा काही नाही. तक्रार एवढीच की कॅनव्हासच्या नकलेला मुद्राचित्राची किंमत लावली जाते.

कागदाचा स्पर्शही काही सांगतो. सुती लगद्याचा, साधारण २५० ते ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) कागद उजेडाकडे धरला तर आर्श, फाब्रियानो यांसारख्या गिरण्यांचा जलचिन्ह-ठसा दिसू शकतो. आपल्याकडचे अनेक चित्रकार हातकागदावर छापतात. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून हा कागद करते आहे. गुळगुळीत, चकचकीत, एकसारख्या कापलेल्या कडांचा कागद दिसला तर आणखी दोन प्रश्न विचारा.

आकड्यांचा हिशेब

खाली डावीकडे १२/५० म्हणजे पन्नासांतली बारावी प्रत. बारावी छापली असंच नव्हे. प्रती वाळून एकत्र रचल्यावर क्रमांक पडतात, तेव्हा छापल्याचा क्रम राहिलेला नसतो. त्यामुळे १/५० साठी जास्त पैसे देऊ नका. अपवाद मुलामा न दिलेल्या ड्रायपॉइंटचा, आणि तिथेही क्रमांकापेक्षा दोन प्रती शेजारी ठेवून मखमलीपणा बघणं खात्रीचं.

पन्नासच्या बाहेरही प्रती असतात. ए/पी म्हणजे चित्रकाराच्या स्वतःच्या प्रती, साधारण आवृत्तीच्या दहा टक्के. पी/पी छापणाऱ्याची. टी/पी म्हणजे चाचणीचा छाप, जो कधी अंतिम प्रतीपेक्षा वेगळा आणि म्हणून अधिक रंजक असतो. बी.ए.टी. म्हणजे 'याप्रमाणे छापा' असं चित्रकाराने मंजूर केलेली एकमेव प्रत. एच/सी विक्रीसाठी नसलेली, जी शेवटी विकलीच जाते. शिवाय रोमन आकड्यांची, वेगळ्या कागदावरची दुसरी आवृत्तीही असू शकते. म्हणून विचारायचं ते असं: "सगळं धरून एकूण किती कागद सहीचे आहेत?" पन्नास अधिक पाच ए/पी अधिक वीस रोमन म्हणजे पंचाहत्तर. किंमत पंचाहत्तरांची द्यायची, पन्नासांची नाही.

पत्रा किंवा दगड छपाईनंतर रद्द केला का, हेही विचारा. रद्द करताना त्यावर आडवी रेघ मारतात किंवा तो घासून टाकतात. नाही केला तर निधनानंतरही प्रती निघू शकतात. तशा प्रती बेकायदा नसतात, पण त्यांवर वारसांचा शिक्का हवा आणि किंमत हयातीतल्या छापापेक्षा कमी हवी.

आता सही

सही पेन्सिलीची का? शिसं सुती कागदाच्या तंतूंत बसतं, उडत नाही, फुटत नाही, आणि त्याची चकाकी छपाईत हुबेहूब आणणं कठीण. टॉर्च तिरपा धरा: खरी पेन्सिल करड्या रंगात चमकते आणि कागदावर हलकी चर पाडते. चित्राच्या आत छापलेली सही म्हणजे फक्त चित्राचा भाग, तिला सही केलेली प्रत म्हणत नाहीत.

आणि खऱ्या सहीनेही काही सिद्ध होत नाही, हे साल्वादोर दाली या स्पॅनिश चित्रकाराने जगाला शिकवलं. त्यांनी कोऱ्या कागदांवर गठ्ठ्यांनी सह्या करून दिल्या. त्यावर पुढे काय छापलं गेलं, याची मोजदाद राहिली नाही. सही अस्सल, चित्र कोणाचंही. म्हणून सहीला शेवटचा नंबर.

प्रकृती तपासणी

प्रत उलटी करा. पाठीमागे सेलोटेपचे तपकिरी पट्टे असतील, तर तो गोंद पुढच्या बाजूला झिरपायची शक्यता धरा. बोर्डावर पूर्ण चिकटवलेली प्रत शक्यतो घेऊ नका, ती सोडवणं तज्ज्ञालाही जड जातं. समासात तपकिरी ठिपके म्हणजे दमट हवेतली बुरशी किंवा कागदातल्या अशुद्धी. चित्राभोवती तपकिरी चौकट उमटली असेल तर तो स्वस्त, आम्लधर्मी माउंटने, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याने पाडलेला डाग. कडेला कुरतडल्यासारखं पातळ झालं असेल तर कसर लागली आहे. समास मोजा आणि त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या प्रतीशी ताडून बघा. चौकटीत बसवायला कापलेल्या समासाने किंमत बरीच उतरते, आणि क्रमांकासकट कापला असेल तर फारच.

किंमत आणि बिल

चित्रकाराच्या कॅनव्हासला लिलावात किती कोटी आले, याचा मुद्राचित्राच्या किमतीशी जवळपास संबंध नाही. तुलना करायची ती त्याच चित्रकाराच्या, त्याच पद्धतीच्या, जमलं तर त्याच आवृत्तीच्या प्रतीशी. सॅफ्रनआर्ट, पंडोल, अस्तागुरू या मुंबईच्या लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर मागचे निकाल पाहायला मिळतात. लिलावात हातोडा पडतो त्या भावावर बायर्स प्रीमियम, म्हणजे खरेदीदाराने लिलावगृहाला द्यायचं शुल्क चढतं, १५ ते २५ टक्क्यांच्या घरात. प्रीमियम २० टक्के असेल, तर ४०,००० चा हातोडा म्हणजे ४८,००० आणि वर कर. कुठे थांबायचं ते ४८,००० धरून ठरवा. गॅलरीत आवृत्ती खपत जाते तशी किंमत पायरीने वाढवतात, त्यामुळे नवीन आवृत्तीची चौकशी सुरुवातीलाच करणं फायद्याचं.

बजेट कमी असेल तर मोठ्या नावाच्या ३०० प्रतींच्या सेरिग्राफपेक्षा तरुण मुद्राचित्रकाराचं दहा-पंधरा प्रतींचं एचिंग घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं वार्षिक प्रदर्शन, काळा घोडा, वडोदऱ्याचे छपाई स्टुडिओ, पणजीतला डिसेंबरचा सेरेंडिपिटी महोत्सव इथे छापणारी माणसं स्वतः भेटतात, आणि "प्लेट कोणी केली, छापली कुठे" याचं उत्तर थेट मिळतं. "गुंतवणूक म्हणून घ्या" असं जो म्हणतो, त्याला परत घेण्याची किंमत लेखी मागा. विषय तिथेच बदलतो.

बिलावर हे सगळं हवं: चित्रकार, शीर्षक, साल, छपाईची पद्धत, कागद, चित्राचं माप आणि कागदाचं माप वेगवेगळं, एकूण आवृत्ती ए/पी धरून, तुमचा क्रमांक. आणि एक जागा बहुतेक जण वाचत नाहीत: एचएसएन क्रमांक, म्हणजे करासाठी वस्तूचा गट सांगणारा आकडा. ९७०२ हा गट फक्त चित्रकाराने हाताने घडवलेल्या पत्र्या-दगडांवरून काढलेल्या मूळ छापांचा आहे. यांत्रिक किंवा फोटो-यांत्रिक छपाई त्यात बसत नाही. या गटावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. तोंडाने "ओरिजिनल" म्हणणाऱ्याच्या बिलावर ४९११, म्हणजे छापील चित्रांचा गट दिसला, तर त्याने करखात्याला खरं सांगितलं आहे. सर्टिफिकेट घ्याच, पण त्यावर फोटो, मापं आणि क्रमांक नसतील तर ते कुठल्याही कागदाला जोडता येतं.

पुढे विकायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, कलाकृती प्राप्तिकराच्या हिशेबात घरगुती वस्तू धरत नाहीत, भांडवली मालमत्ता धरतात. बिल जपा.

चौकट आणि पावसाळा

फ्रेमवाल्याला चार गोष्टी लिहून द्या, तोंडी सांगू नका. माउंट आम्लविरहित, शक्यतो शंभर टक्के सुती बोर्ड. प्रत वरच्या कडेला फक्त दोन जागी जपानी कागदाच्या पट्ट्यांनी, गव्हाच्या सत्वाच्या खळीने लटकवायची. फेव्हिकॉल नाही, टेप नाही. चारी बाजूंनी चिकटवलेला कागद जुलैत फुगतो, त्याला पसरायला जागा नसते आणि तो लाटेसारखा उठतो. काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये माउंट किंवा ३ ते ६ मिलिमीटरची पट्टी हवी, नाहीतर शाई काचेला चिकटते. समास कापायचा नाही, दुमडायचा नाही.

कागदाला ५० टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता मानवते. ६५ च्या वर बुरशीला वाट मोकळी. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात ८५ सहज होते. म्हणून बाहेरच्या, पाणी मुरणाऱ्या भिंतीवर मुद्राचित्र लावू नका. चौकटीमागे खालच्या कोपऱ्यांत रबरी बटणं लावून भिंतीपासून अर्धा सेंटिमीटर अंतर ठेवा, हवा खेळते. बुरशीचा पांढरा बुरा दिसलाच तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती कागदात आणखी शिरते. चौकट उघडून कोरड्या खोलीत, सावलीत ठेवा आणि कागद दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाला गाठा. थेट ऊन कुठल्याच शाईला चालत नाही, यूव्ही काच लावली तरी.

परदेशातल्या मुलाकडे पाठवायचं असेल तर लिथो आणि सेरिग्राफ निदान १० सेंटिमीटर व्यासाच्या नळीत, ग्लासिन या गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागदात सैल गुंडाळून जातात. एचिंग मात्र सपाटच पाठवा, गुंडाळीने उठाव दबतो. घरातली आजीच्या देवघरामागची रविवर्मा छापखान्याची सरस्वती मात्र बहुधा पाठवता येणार नाही. ती शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. वय नक्की नसेल तर सामानात भरण्याआधी पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या.